जखमेचा इतिहास आणि राज्याचा हिशेब : लिबारिडियन यांच्याकडे कसे पाहायचे?

सप्टेंबर १९९२. इस्तंबूलमध्ये युरोप परिषदेची बैठक सुरू होती. जेमतेम वर्षभरापूर्वी स्वतंत्र झालेल्या आर्मेनियाचे परराष्ट्रमंत्री राफी होव्हानिस्यान बोलायला उभे राहिले. वय बत्तीस. जन्म कॅलिफोर्नियातला, शिक्षण अमेरिकेतले. ज्यांच्या आजी-आजोबांच्या पिढीला तुर्कांच्या राज्यात ठार मारले गेले, वाळवंटात हाकलले गेले, त्या पिढीचा नातू तुर्कांच्याच शहरात उभा राहून तुर्कीला खडे बोल सुनावत होता. जगभरच्या आर्मेनियन वस्त्यांमध्ये अनेकांची छाती अभिमानाने फुगली असेल. पण येरेवानमध्ये बसलेल्या राष्ट्राध्यक्ष लेव्हॉन तेर-पेत्रोस्यान यांना हे भाषण पसंत पडले नाही. पुढच्याच महिन्यात राफींनी राजीनामा दिला.

त्या हिवाळ्यात येरेवानमध्ये वीज नव्हती, गॅस नव्हता. लोक घरातले फर्निचर आणि बागेतली झाडे तोडून शेकोटी करत होते. देशाला गहू हवा होता आणि युरोपातून आलेला गहू ज्या वाटेने येऊ शकत होता ती वाट तुर्कीतून जात होती. त्या तुर्कीशी बोलणी करण्याचे काम ज्याच्याकडे होते तोही परदेशातूनच आलेला आर्मेनियन होता. बैरूतमध्ये जन्मलेला, अमेरिकेत शिकलेला, धंद्याने इतिहासकार. ज्या विद्यापीठात राफींचे वडील रिचर्ड होव्हानिस्यान आर्मेनियाचा इतिहास शिकवत होते, त्याच विद्यापीठाची त्याची पीएच.डी. त्याचे नाव जिराइर लिबारिडियन. जग त्याला जेरार्ड लिबारिडियन म्हणून ओळखते.

दोघेही त्याच जखमेतून आलेले. एकाने जखम बोलून दाखवली. दुसऱ्याने तिला खिशात ठेवून गव्हाच्या गाड्यांचा हिशेब केला. आमच्या चळवळीतला कुणीही तरुण हे वाचून पहिल्या झटक्यात राफींच्या बाजूने उभा राहील. आम्हीही राहिलो होतो. अभ्यासवर्गात या विषयावर दोन रविवार भांडण झाले, तेव्हा आमच्यातल्या एका ताईने विचारले, "त्या भाषणानंतर गहू आला नसता, तर भाषण करणारा उपाशी राहिला असता की ऐकणारा?" त्या प्रश्नाने आमचा पवित्रा बदलला असे नाही, पण आम्ही लिबारिडियन यांची कारकीर्द नीट वाचायला बसलो. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

आधी माणूस समजून घेऊ. १९४५ सालचा जन्म. बैरूतच्या कडेला बुर्ज हमूद नावाची वस्ती आहे. १९१५ च्या नरसंहारातून वाचलेल्यांनी तिथे आधी तंबू टाकले, मग झोपड्या बांधल्या, मग घरे, शाळा, छापखाने, पक्षांची कार्यालये. लेबनॉनमध्ये वाढलेल्या त्या पिढीतल्या आर्मेनियन पोराला राजकारण शिकवावे लागत नव्हते. ते घरातल्या मृतांच्या यादीतून आपोआप येत होते. या विखुरलेल्या समाजाचा सर्वांत बळकट पक्ष म्हणजे दाश्नाक. १८९० साली स्थापन झालेला, क्रांतिकारी, समाजवादी म्हणवणारा, १९१८ ते १९२० या अडीच वर्षांच्या पहिल्या प्रजासत्ताकात सत्तेवर असलेला आणि बोल्शेविकांनी हाकलल्यानंतर परदेशात एक अख्खे राज्य डोक्यात घेऊन जगणारा. लिबारिडियन या पक्षाचे. पक्षाच्या वर्तुळातले इंग्रजी नियतकालिक त्यांनी संपादित केले, पक्षाच्या जुन्या कागदपत्रांवर काम केले. म्हणजे ते टीका बाहेरून करणारे कधीच नव्हते.

१९८२ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसोबत अमेरिकेतल्या केंब्रिजला झोर्यान इन्स्टिट्यूट उभी केली. हे काम आम्हाला फार मोलाचे वाटते. त्या काळात तुर्कीचे सरकार नरसंहार झालाच नाही असे म्हणत होते (आजही म्हणते), आणि दुसरीकडे आर्मेनियन तरुणांचे काही गट बैरूतपासून लॉस एंजेलिसपर्यंत तुर्की मुत्सद्द्यांवर गोळ्या झाडत होते. झोर्यानने तिसरे काम हाती घेतले. नरसंहारातून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती कॅमेऱ्यावर नोंदवायच्या. पुरावा गोळा करायचा. १९८४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला स्थायी लोकन्यायाधिकरणाने आर्मेनियन प्रश्नाची सुनावणी घेतली आणि हा नरसंहारच होता असा निकाल दिला. त्याची कागदपत्रे इंग्रजीत ग्रंथरूपात आणणारे लिबारिडियनच. ज्या समाजाचा इतिहास सत्ताधारी नाकारतात, त्या समाजातल्या अभ्यासकाचे पहिले काम काय, याचे उत्तर त्यांनी हाताने काम करून दिले. तेव्हा लिबारिडियन यांना नरसंहाराची किंमत नव्हती, असे जे म्हणतात, त्यांनी हा काळ आधी वाचावा.

त्यांच्या पीएच.डी.चा विषयही सांगण्यासारखा आहे. सशस्त्र क्रांतिकारी पक्ष जन्माला येण्याआधी आर्मेनियन लोकांमध्ये मुक्तीचा विचार कसकसा वाढत गेला, हा तो विषय. या विचाराचा एक धागा थेट आपल्या देशात येतो, हे किती जणांना माहीत आहे? अठराव्या शतकात मद्रासला आर्मेनियन व्यापाऱ्यांची वस्ती होती. शहामीर शहामीर्यान या व्यापाऱ्याच्या घरच्या छापखान्यातून एक पुस्तक निघाले. त्यात, अस्तित्वातच नसलेल्या स्वतंत्र आर्मेनियासाठी निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या राज्याचे संविधान कलमवार लिहिलेले होते. राजा नको, कायदा हवा. पुढे १७९४ मध्ये जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिकही मद्रासमध्येच छापले गेले. देश हजारो मैल दूर, तिथे इराणचा शहा आणि तुर्कांचा सुलतान, आणि इथे समुद्रकिनाऱ्यावर एक कापडाचा-मोत्याचा व्यापारी संविधान लिहितोय! विखुरलेल्या समाजाची ही ताकद. पण तिचीच दुसरी बाजू अशी, की कागदावरच्या देशात गहू लागत नाही, शेजारी नसतो, तडजोड करावी लागत नाही.

ही दुसरी बाजू १९८८ साली उघडी पडली. फेब्रुवारीत नागोर्नो-काराबाखच्या स्वायत्त प्रदेशाच्या विधिमंडळाने ठराव केला की आम्हाला सोव्हिएत अझरबैजानमधून काढून सोव्हिएत आर्मेनियाला जोडा. तिथली तीन चतुर्थांश लोकसंख्या आर्मेनियन होती. येरेवानमध्ये लाखो लोक रस्त्यावर आले. त्याच महिन्यात अझरबैजानच्या सुमगाईत शहरात आर्मेनियन लोकांची कत्तल झाली. डिसेंबरमध्ये स्पिटाकचा भूकंप होऊन सुमारे पंचवीस हजार माणसे गेली. देश हलत होता. आणि परदेशातले तीन ऐतिहासिक पक्ष, दाश्नाक, हुंचाक आणि रामगावार, जे एरवी एकमेकांचे तोंड पाहत नसत, त्यांनी ऑक्टोबर १९८८ मध्ये एक संयुक्त निवेदन काढले. लोकांना ते काय सांगत होते? संप आवरा, टोकाला जाऊ नका, मॉस्कोशी संबंध बिघडवू नका. सत्तर वर्षे स्वातंत्र्याची गाणी म्हणणारे पक्ष स्वातंत्र्य दारात आले तेव्हा दार लावून घ्यायला सांगत होते.

असे का झाले, याचा विचार आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून करतो तेव्हा आम्हाला ते फारसे नवल वाटत नाही. संघटना जेव्हा दीर्घ काळ लोकांपासून दूर राहते, तेव्हा तिचे ध्येय हळूहळू तिच्या वार्षिक कार्यक्रमात बदलते. २४ एप्रिलची सभा, ठराव, मिरवणूक, जेवण. त्या चक्रात प्रत्यक्ष माणसे प्रत्यक्ष मागणी घेऊन आली की पंचाईत होते. (वाचकांनी इथे आपापल्या गावची जयंती समिती आठवली तर आम्ही जबाबदार नाही.) शिवाय या पक्षांच्या मनात एक समीकरण पक्के बसले होते : तुर्क हा कायमचा शत्रू, म्हणून रशिया हा कायमचा रक्षक. लिबारिडियन यांचा खरा वाद या समीकरणाशी होता. आपल्याला वाचवायला कुणी तिसरी मोठी सत्ता येईल, या आशेवर आर्मेनियन राजकारण शंभर वर्षे चालले. युरोप आला नाही, रशिया आला तो स्वतःच्या कामासाठी आला. शत्रू कायमचा मानला की रक्षकही कायमचा लागतो, आणि रक्षक कायमचा लागला की स्वातंत्र्य नावापुरते उरते. हा मुद्दा त्यांनी आणि तेर-पेत्रोस्यान यांच्या आर्मेनियन राष्ट्रीय चळवळीने मांडला. आमच्या मते हा त्या काळातला सर्वांत धाडसी विचार होता.

पक्षाशी नाते तोडून ते १९९१ मध्ये येरेवानला गेले. २१ सप्टेंबर १९९१ ला सार्वमत झाले, स्वातंत्र्य आले, ऑक्टोबरमध्ये तेर-पेत्रोस्यान राष्ट्राध्यक्ष झाले. हेही मूळचे अलेप्पोत जन्मलेले, प्राचीन भाषांचे अभ्यासक. एक भाषाशास्त्रज्ञ राष्ट्राध्यक्ष, एक इतिहासकार त्याचा सल्लागार. १९९७ पर्यंत लिबारिडियन त्यांचे परराष्ट्र आणि सुरक्षा धोरणाचे सल्लागार राहिले. मध्ये १९९३-९४ मध्ये परराष्ट्र खात्याचे पहिले उपमंत्रीही झाले. तुर्कीशी आणि काराबाखविषयी झालेल्या वाटाघाटींत त्यांचा हात होता.

धोरणाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : तुर्कीशी पूर्वअटींशिवाय संबंध. नरसंहार झाला हे सत्य, त्याची आठवण ठेवणे हा समाजाचा हक्क, पण त्याची मान्यता ही राज्याच्या परराष्ट्र धोरणाची पहिली अट नसेल. या भूमिकेवर परदेशातल्या आर्मेनियन समाजात काय आगडोंब उसळला असेल याची कल्पना करा. मेलेल्यांना विकले, असा तो आरोप. आम्ही हा आरोप हलका मानत नाही. न्याय मागणाऱ्याला "आता पुढे जाऊ या" असे सांगणारे लोक जगभर असतात आणि बहुतेक वेळा ते अन्याय करणाऱ्याच्या सोयीचेच बोलत असतात. "जुने कशाला उगाळता?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे, बहुधा ज्यांनी जुने केले त्यांच्याच तोंडून.

पण लिबारिडियन तसे बोलत होते का? आमचे उत्तर नाही असे आहे. "विसरा" असे ते कुठेच म्हणाले नाहीत. त्यांचा प्रश्न असा होता की आठवणीचा मालक कोण? बोस्टन-पॅरिसचा आर्मेनियन नरसंहार हाच आपल्या ओळखीचा पाया मानतो, कारण भाषा, जमीन, शेजार सगळे गेल्यावर त्याच्यापाशी तेवढेच उरते. येरेवानच्या आर्मेनियनापाशी आठवण आहेच, पण त्याच्यापाशी सीमा आहे, रेल्वे आहे, शाळेत जाणारे मूल आहे. पहिल्याच्या गरजेतून दुसऱ्याचे परराष्ट्र धोरण ठरवायचे का? देशाबाहेरचे आर्मेनियन देशातल्यांहून संख्येने अधिक आहेत, पैसेवाले आहेत, बोलके आहेत. त्यामुळे हा प्रश्न नुसता तात्त्विक नव्हता. १९९५ च्या संविधानाने दुहेरी नागरिकत्व नाकारले, त्यामागेही हाच वाद होता. आम्हाला ती तरतूद कठोर वाटते, पण तिचे तर्कशास्त्र कळते : जो कर भरतो, लढाईवर मुलगा पाठवतो, थंडीत काकडतो, त्याचे मत आधी.

आता ज्या कसोटीवर हे सगळे लागायचे होते त्या काराबाखकडे येऊ. १९९२ पासून पूर्ण युद्ध पेटले. फेब्रुवारी १९९२ मध्ये खोजालीत शेकडो अझरबैजानी नागरिक मारले गेले. हेही लिहिले पाहिजे, कारण नरसंहार भोगलेल्या समाजाच्या बंदुकीतून सुटलेली गोळी पवित्र होत नाही. एप्रिल १९९३ च्या सुरुवातीला आर्मेनियन फौजांनी काराबाखच्या बाहेरचा केलबाजार जिल्हा घेतला. त्याबरोबर तुर्कीने सीमा बंद केली आणि गव्हाची वाटही गेली. ती सीमा तीस वर्षांनंतरही बंदच राहिली. म्हणजे लिबारिडियन यांनी महिनोन्‌महिने खपून जे दार किलकिले केले होते ते आपल्याच सैन्याच्या विजयाने बंद झाले. त्याच महिन्यात तुर्कीचे राष्ट्राध्यक्ष ओझाल वारले, तेव्हा तेर-पेत्रोस्यान त्यांच्या अंत्यविधीला गेले. १९१५ चे वारस ओझालच्या शवपेटीमागे चालताहेत! परदेशातल्या वृत्तपत्रांना आणखी काय हवे होते?

मे १९९४ मध्ये शस्त्रसंधी झाली. आर्मेनियन बाजू जिंकली होती. काराबाख हातात, भोवतालचे अझरबैजानचे सात जिल्हे पूर्णतः किंवा अंशतः हातात, आणि पाच लाखांहून अधिक अझरबैजानी निर्वासित. आता काय? विजेत्यांचे उत्तर होते, वाट पाहू. जग हळूहळू मान्य करेल. लिबारिडियन यांचे उत्तर वेगळे होते. अझरबैजानकडे तेल आहे, लोकसंख्या आहे, वेळ त्यांच्या बाजूचा आहे. आज जिंकलो आहोत तेव्हाच देण्याघेण्याची बोलणी करा, उद्या देण्यासारखे काही उरणार नाही. १९९५-९६ मध्ये त्यांनी अझरबैजानच्या राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार वाफा गुलुझादे यांच्याशी गुप्तपणे थेट बोलणी केली. दोन्ही बाजूंची माणसे, मध्ये कुणी मोठी सत्ता नाही. त्यांच्या आयुष्यभराच्या सिद्धान्ताचा हा प्रयोगच म्हणायचा. डिसेंबर १९९६ ला लिस्बनच्या शिखर परिषदेत अझरबैजानची प्रादेशिक अखंडता मान्य करणाऱ्या मसुद्याला एकट्या आर्मेनियाने नकार दिला, आणि ती वाट बंद झाली. १९९७ मध्ये टप्प्याटप्प्याच्या तोडग्याचा प्रस्ताव आला : लाचिन सोडून बाकीचे सहा जिल्हे परत करा, निर्वासित परततील, नाकेबंदी उठेल, काराबाखच्या दर्जाचा प्रश्न नंतर सोडवू. तेर-पेत्रोस्यान यांनी तो चर्चेचा पाया म्हणून स्वीकारला. लिबारिडियन यांनी सप्टेंबर १९९७ मध्ये पद सोडले. नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी लेख लिहून लोकांना स्पष्ट सांगितले की युद्ध की शांतता हे आता ठरवा. पंतप्रधान कोचार्यान आणि संरक्षणमंत्री वाझगेन सर्किस्यान विरोधात गेले. ३ फेब्रुवारी १९९८ ला राष्ट्राध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. कोचार्यान आले आणि नरसंहाराची मान्यता परराष्ट्र धोरणाच्या यादीत वर आली. बंदी घातलेला दाश्नाक पक्ष पुन्हा मोकळा झाला.

लिबारिडियन यांचे चाहते गोष्ट इथेच थांबवतात : शहाण्यांचे कुणी ऐकले नाही. आम्हाला ती इथे थांबवता येत नाही.

डिसेंबर १९९४ मध्ये याच सरकारने दाश्नाक पक्षाचे काम स्थगित केले, वृत्तपत्रे बंद केली. सप्टेंबर १९९६ च्या निवडणुकीत तेर-पेत्रोस्यान जेमतेम ५१ टक्क्यांपुढे सरकले, विरोधकांनी मतमोजणीत घोटाळा झाल्याचा आरोप केला, निरीक्षकांनीही गंभीर आक्षेप नोंदवले, लोक संसदेवर चालून गेले, आणि राजधानीच्या रस्त्यांवर रणगाडे आले. १९८८ मध्ये लोकांनी ज्यांना खांद्यावर घेतले होते, त्यांनी आठ वर्षांत लोकांसमोर रणगाडे उभे केले. आणि मग त्याच सरकारने वर्षभरात लोकांना सांगितले की जिंकलेली जमीन परत देणे तुमच्या हिताचे आहे, आमच्यावर विश्वास ठेवा. का ठेवावा? सल्ला बरोबर होता. सल्ला देणाऱ्या सरकारची पत गेलेली होती. कठीण तडजोड लोकांच्या गळी उतरवायची तर आधी त्यांच्या मताची किंमत करावी लागते; ती ज्याने केली नाही त्याची शांतताही वरून लादलेली वाटते. लिबारिडियन यांनी पुढे राज्यव्यवहारावर भरपूर लिहिले, परदेशातल्या पक्षांच्या चुका त्यांनी जितक्या बारकाईने मांडल्या, तितक्याच झणझणीतपणे १९९६ चा हिशेब मांडला असता तर आम्हाला बरे वाटले असते.

गुप्त बोलण्यांविषयीही आमची शंका तीच. युद्धात काही बोलणी बंद दाराआडच होतात, हे आम्हाला कळते. पण दोन सल्लागार एखाद्या परक्या शहरात बसून सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लाखो माणसांचे भवितव्य जुळवतात आणि त्या माणसांना त्याचा पत्ता नसतो, तेव्हा बाहेर पडणारा कागद कितीही न्याय्य असला तरी तो पोरका असतो. त्याला आपला म्हणणारे रस्त्यावर कुणी नसते. येरेवानमध्ये १९९८ च्या जानेवारीत शांततेसाठी एकही मोठी मिरवणूक निघाली नाही. कशी निघणार? तसे राजकारण खाली कुणी केलेच नव्हते.

आणि एक मुद्दा, जो लिबारिडियन यांचा व्यक्तिगत दोष नाही, पण सांगायला हवा. सल्लागार परत जाऊ शकतो. ते अमेरिकेला परतले, २००१ पासून मिशिगन विद्यापीठात आधुनिक आर्मेनियन इतिहासाचे प्राध्यापक झाले, २०१२ पर्यंत शिकवले. राजीनाम्याचेही राजकारण असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण ज्याला परतायला दुसरा देश आहे, त्याचा राजीनामा आणि ज्याला नाही त्याचा राजीनामा एका मापाने मोजता येत नाही. तेर-पेत्रोस्यान येरेवानमध्येच राहिले, दहा वर्षे गप्प राहिले आणि २००८ मध्ये पुन्हा निवडणुकीला उभे राहिले.

तरी अमेरिकेत परतून लिबारिडियन यांनी केलेले एक काम आम्हाला त्यांच्या सगळ्या पदांहून मोठे वाटते. २००० साली इतिहासकार रोनाल्ड सुनी आणि तुर्की वंशाच्या समाजशास्त्रज्ञ फात्मा म्युगे गोचेक यांच्यासोबत त्यांनी आर्मेनियन आणि तुर्की अभ्यासकांची कार्यशाळा सुरू केली. एका टेबलावर दोन्ही बाजूंचे अभ्यासक, समोर कागदपत्रे. तुर्कीत राहून किंवा तुर्की पासपोर्ट बाळगून नरसंहाराला नरसंहार म्हणणे म्हणजे खटला, नोकरी, कधी जीव. इस्तंबूलचे आर्मेनियन संपादक ह्रांत दिंक यांना जानेवारी २००७ मध्ये त्यांच्याच वृत्तपत्राच्या कार्यालयासमोर गोळ्या घातल्या गेल्या. लक्षात घ्या, ज्या लेखासाठी दिंक यांना तुर्की न्यायालयाने दोषी ठरवले होते, तो त्यांनी परदेशातल्या आर्मेनियनांना उद्देशून लिहिला होता : तुर्कद्वेष हे विष आपल्या रक्तातून काढा. तुर्की राज्याने त्यातही तुर्कांचा अपमान शोधला. म्हणजे द्वेष सोडा म्हणणाऱ्यालाही नकार देणारे राज्य सोडत नाही.

हे विसरून लिबारिडियन बरोबर होते असे म्हणणे आम्हाला धोक्याचे वाटते. २०२० मध्ये काय झाले पाहा. ऑगस्टमध्ये सेव्हर्सच्या कराराला शंभर वर्षे झाली. पहिल्या महायुद्धानंतरचा, आर्मेनियाला विस्तीर्ण प्रदेश देऊ करणारा आणि कधीच अमलात न आलेला तो करार. आर्मेनियाच्या सत्ताधाऱ्यांनी त्याचा जाहीर गौरव केला. लिबारिडियन यांनी लगेच लेख लिहून हे मागे जाणारे मोठे पाऊल आहे असे बजावले. २७ सप्टेंबरला अझरबैजानने तुर्कीच्या पाठिंब्याने हल्ला केला. ४४ दिवस. आर्मेनियन बाजूचे सुमारे चार हजार मृत्यू. सगळे जिल्हे आणि काराबाखचा बराच भाग गेला. मग डिसेंबर २०२२ पासून लाचिनच्या रस्त्याची कोंडी झाली, सप्टेंबर २०२३ चा हल्ला झाला, आणि काही दिवसांत एक लाखाहून अधिक आर्मेनियन काराबाख सोडून निघाले. ज्या रशियाला रक्षक मानले होते, त्याचे सैनिक तिथेच उभे होते.

त्यांचे भाकीत अक्षरशः खरे ठरले. पण "आम्ही सांगत होतो" या वाक्यात एक फसवणूक लपलेली असते. लाखभर माणसे घर सोडून गेली ती आर्मेनियन नेत्यांनी १९९७ मध्ये तडजोड केली नाही म्हणून नव्हे. ती गेली कारण अझरबैजानच्या राज्याने त्यांना उपाशी ठेवले आणि मग तोफा डागल्या. चुकीचे राजकारण करणे हा गुन्हा नाही, कोंडी करून माणसे हाकलणे हा गुन्हा आहे. पीडितांच्या राजकारणाची आतून कठोर चिकित्सा करायची आणि तरी गुन्ह्याचा धनी कोण हे एक क्षणही विसरायचे नाही, ही कसरत अवघड आहे. लिबारिडियन यांना ती बहुतेक वेळा जमली, त्यांच्या नावावर बोलणाऱ्यांना क्वचितच.

आज येरेवानचे सरकार पशिन्यान यांच्या नेतृत्वाखाली "वास्तवातला आर्मेनिया" हीच विचारधारा सांगते आहे : नकाशातला नव्हे, आहे तेवढा. ८ ऑगस्ट २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये अझरबैजानसोबतच्या शांतता कराराच्या मसुद्यावर परराष्ट्रमंत्र्यांनी आद्याक्षऱ्या केल्या. शब्द जवळपास १९९७ चेच आहेत. फरक इतकाच की तेव्हा हातात सात जिल्हे होते आणि काराबाखमध्ये माणसे होती. आणि मध्यस्थ म्हणून पुन्हा एक तिसरी मोठी सत्ता बसलेली आहे, यावेळी अमेरिका. इतिहासकार लिबारिडियन ऐंशीच्या घरात आहेत, अजून लिहितात.

अभ्यासवर्गातल्या त्या ताईला आम्ही हे सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे गव्हाचा हिशेब करणारा बरोबर होता, पण त्याने गहू खाणाऱ्यांना विचारले नाही." मग थोडे थांबून म्हणाली, "आणि भाषण करणाऱ्यानेही नाही." पुढच्या रविवारी आम्ही ह्रांत दिंक वाचायला घेतला आहे. यायचे असेल त्यांनी या.